मोफत सॉफ्टवेअरवर गेम आर्ट जमेल का? क्रिता पारखून घ्यायची पद्धत

प्रश्न थोडक्यात असा आहे: उपयोजित कलेचा एक विद्यार्थी मित्रासोबत गोडो या गेम इंजिनात (गेम बांधायच्या सॉफ्टवेअरमध्ये) मराठीतला टूडी गेम बनवतोय. सह्याद्रीतल्या एका किल्ल्यावर घडणारा, बाजूने दिसणारा प्लॅटफॉर्मर, म्हणजे धावत-उड्या मारत पुढे जायचा गेम. फोटोशॉपचं दरमहा भाडं परवडत नाही. हाताशी साधा पेन टॅबलेट आणि 8 जीबी रॅमचा लॅपटॉप आहे. मोफत पेंटिंग सॉफ्टवेअरपैकी कोणतं घ्यावं, आणि ते गेमच्या कामात अर्ध्यावर अडणार नाही हे आधीच कसं ओळखावं?

क्रिता घ्या. टूडी पार्श्वभूमी, टेक्स्चर (पृष्ठभागाचा पोत), पात्रं, प्रॉप्स (दृश्यातल्या सुट्या वस्तू) ही सगळी कामं त्यात होतात. मी पुण्यात गेमसाठी पार्श्वभूमी रंगवतो आणि माझं रोजचं बरंच काम क्रितातच चालतं.

मात्र तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. बहुतेक जण नवं सॉफ्टवेअर उघडतात, दहा-वीस ब्रश ओढून बघतात, एखादा चेहरा काढतात आणि "मस्त आहे" किंवा "मजा नाही" असं ठरवून मोकळे होतात. त्यातून फक्त ब्रश हाताला कसा लागतो एवढंच कळतं. गेम आर्टमध्ये कॅनव्हासवर जे दिसतं ते अजून कच्चंच असतं. ती फाइल इंजिनात गेली, शेजारी दुसरी टाइल (फरशीसारखा पुन्हा पुन्हा लावायचा चित्राचा चौकोनी तुकडा) लागली, पात्र समोरून धावलं, फोनच्या लहान पडद्यावर दिसलं, की मग चित्र आणि सॉफ्टवेअर दोन्हींची परीक्षा होते. म्हणून एकच छोटी वस्तू निवडा, कोऱ्या कॅनव्हासपासून चालू गेमपर्यंत न्या, आणि त्या वाटेवर क्रिता कुठे अडतं ते बघा. तुमच्या गेमसाठी ती वस्तू उघड आहे: तटबंदीच्या भिंतीची टाइल.

त्याआधी, क्रिताच का? गिंप हे दुसरं मोफत सॉफ्टवेअर पुष्कळांना माहीत असतं. ते जुनं आणि भक्कम आहे, 2025 मध्ये आलेल्या 3.0 आवृत्तीत त्यात मूळ चित्र न बिघडवता फिल्टर लावायची सोयही झाली. पण त्याचा पिंड फोटो संपादनाचा. क्रिताच्या टीमने 2009-10 च्या सुमारास जाणीवपूर्वक ठरवलं, की फोटोशॉपची बरोबरी करत बसायचं नाही, रंगवणाऱ्या माणसासाठी साधन घडवायचं. तो निर्णय आजही जागोजागी जाणवतो. उजवं क्लिक केलं की पेनाच्या टोकापाशीच ब्रश आणि रंगांचं गोल पॅलेट उघडतं. कंट्रोल दाबून टेकवलं की तिथला रंग उचलला जातो, शिफ्ट दाबून ओढलं की ब्रशचा आकार बदलतो, 'एम' दाबलं की कॅनव्हास आरशासारखा उलटतो आणि चित्रातल्या चुका लगेच डोळ्यांत भरतात. 'ई' दाबल्यावर हातातला ब्रशच खोडरबर होतो. त्यामुळे खडबडीत ब्रशने काढलेली कड तशाच खडबडीत ब्रशने खोडता येते. दगड रंगवताना याची किंमत कळते.

डाउनलोड फक्त क्रिताच्या अधिकृत संकेतस्थळावरून करा. स्टीम आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर तेच क्रिता पैसे देऊन मिळतं. ते पैसे प्रकल्पाच्या कामाला जातात, पण सुविधा वेगळ्या नाहीत. पुढे चार पैसे हाती आले की जरूर विकत घ्या. कॉलेजच्या लॅबमध्ये इन्स्टॉल करायची परवानगी नसेल तर विंडोजसाठी पोर्टेबल झिप मिळते, ती पेन ड्राइव्हवरूनही चालते.

पहिल्या तासात चित्र काढू नका, टॅबलेट नीट करा. स्वस्त टॅबलेटवर पेनाचा दाब लागत नाही, रेषा सुरुवातीला अडखळते किंवा कर्सर भलतीकडे जातो, अशा तक्रारी येतात आणि दोष क्रिताच्या माथी मारला जातो. विंडोजवर क्रिताच्या सेटिंगमध्ये टॅबलेटच्या पानावर दोन पर्याय आहेत: विनटॅब आणि विंडोज इंक. एक चालत नसेल तर दुसरा लावा आणि क्रिता बंद करून पुन्हा उघडा. बहुतेक वेळा एवढ्यानंच काम होतं. त्याच पानावर टॅबलेट टेस्टर आहे. तिथे रेघोट्या मारून दाबाचे आकडे बदलतात का ते बघा. मग दाबाचा वक्र स्वतःच्या हातानुसार वाकवा. हात जड असेल तर वक्र खाली ओढा, हलका असेल तर वर. हे न करता ब्रश बदलत बसणं म्हणजे वेळेची नासाडी.

आता टाइल. आधी मोजमाप ठरवा. समजा, तुमच्या गेममध्ये एक मीटर म्हणजे 128 पिक्सेल. मग पावणेदोन मीटरच्या आत-बाहेरचा मावळा साधारण 220 पिक्सेल उंच होईल आणि 512 पिक्सेलची टाइल चार मीटर भिंत झाकेल. हा आकडा एकदा ठरला की सगळ्या वस्तूंना तोच लावा. नाही तर दरवाजाचा खिळा बारीक रेखीव आणि शेजारचा बुरूज धूसर, असं दिसतं आणि नेमकं काय खटकतंय ते कुणालाच सांगता येत नाही. रंगवायचं मात्र दुप्पट आकारात, 1024 गुणिले 1024 वर, आणि शेवटी निम्मं करायचं. फाइल आरजीबीए (लाल, हिरवा, निळा आणि अल्फा, म्हणजे पारदर्शकता), 8 बिट, एसआरजीबी या नेहमीच्या रंग प्रोफाइलची. 16 बिटच्या मोहात पडू नका. मऊ आकाशासाठी त्याचा उपयोग होतो, पण दगडी टाइलला काही फरक पडत नाही आणि रॅम दुप्पट लागते. हिशेब सोपा आहे: 4096 गुणिले 4096 चा एक भरलेला लेयर (चित्राचा एक थर) 8 बिटमध्ये 64 एमबी खातो, 16 बिटमध्ये 128. तुमच्या 8 जीबीत असे लेयर झपाट्याने साठतात.

कॅनव्हास उघडला की 'डब्ल्यू' दाबा. हा रॅप अराउंड मोड. चित्र चारही बाजूंना आपोआप पुढे चालू राहतं. उजव्या कडेवरून बाहेर गेलेली रेघ डावीकडून आत येते. पूर्वी टाइल करायची तर चित्र अर्ध्याने सरकवायचं, मधे आलेला सांधा बुजवायचा, पुन्हा सरकवायचं, असा उद्योग असे. इथे सांधा जन्मालाच येत नाही. झूम कमी करा, डोळ्यांसमोर अख्खी तटबंदी उभी राहते आणि तुम्ही तिच्यावरच रंगवत असता. मोफत म्हणून नव्हे, या एका सोयीसाठीसुद्धा मी टाइलचं काम क्रितात करेन.

सुरुवात गडद, किंचित निळसर राखाडी रंगाने सपाट भरून करा. सह्याद्रीतला दगड बेसॉल्ट आहे. उन्हात तो तपकिरीकडे झुकतो, पावसात जवळजवळ काळा होतो. 'बेसिक-5 साइज' हा साधा कडक कडेचा ब्रश घ्या आणि आधी फक्त दरजा काढा, म्हणजे दोन दगडांमधल्या फटी. तटाचे दगड विटांसारखे एका मापाचे नसतात. थर साधारण आडवे, पण दगडांची लांबी कमी-जास्त, आणि उभी दरज खालच्या थराच्या दरजेवर सहसा येत नाही. गवंडी सांधा मोडून दगड बसवतो, तसाच तो तुम्हीही बसवा. मग प्रत्येक दगडाला तीनच पातळ्या: वरची उजेडाची कड, मधला सपाट भाग, खालची सावली. टवके उडालेले कोपरे 'ई' दाबून त्याच ब्रशने कोरा. शेवाळ आणि पाण्याचे ओघळ वेगळ्या लेयरवर ठेवा, कारण उन्हाळ्यातला किल्ला लागला तर तो लेयर बंद करून तीच टाइल वापरता येईल. किल्ला कोकणातला असता तर हीच मांडणी जांभ्याच्या तांबड्या, सच्छिद्र चिऱ्यांवर करावी लागली असती आणि तिथे कडक ब्रशपेक्षा ठिपक्यांचा ब्रश जास्त कामाला आला असता.

इथे दोन गोष्टी तपासा. पहिली, पुनरावृत्ती. एखादा दगड जरा जास्त उजळ किंवा गोंडस झाला, की झूम कमी केल्यावर तो ठरावीक अंतराने चमकत राहतो आणि भिंत छापील कापडासारखी दिसते. तो दगड तुम्हाला कितीही आवडला असला तरी त्याला दाबा. टाइल शांत ठेवा. वेगळेपण हवं तर तडा, कोनाडा, उगवलेलं पिंपळाचं रोप असे स्वतंत्र स्प्राइट (गेममध्ये ठेवायची सुटी चित्रं) करून इंजिनात वरून ठेवा. दुसरी, उजळपणा. सगळ्यात वर काळा फिल लेयर (एकाच रंगाने भरलेला लेयर) टाकून त्याचा ब्लेंडिंग मोड, म्हणजे खालच्या लेयरांत मिसळायची पद्धत, 'कलर' करा. चित्र करडं दिसेल. भिंतीचा उजळपणा एका अरुंद पट्ट्यात, समजा 25 ते 45 टक्क्यांत, राहिला पाहिजे, म्हणजे समोरचा मावळा उठून दिसेल. पार्श्वभूमी सुंदर आणि खेळाडूला पात्रच सापडत नाही, हे नव्या टीमच्या गेममध्ये मी फार वेळा बघतो. ही चूक सॉफ्टवेअर सुधारत नाही, पण एका लेयरने दाखवून नक्की देतं.

टाइल निम्मी करून पीएनजी काढा. मूळ फाइल 16 बिटची असेल तर पीएनजीही 16 बिटचा निघतो आणि उगाच जड होतो. आधी 8 बिटमध्ये बदला. गोडोमध्ये स्प्राइटच्या टेक्स्चर विभागात रिपीट चालू करा, रीजन (दाखवायच्या भागाचं क्षेत्र) मोठा करा आणि भिंतीसमोरून पात्र पळवा. पहिल्याच धावेत तुम्हाला दहा दुरुस्त्या सुचतील. क्रितात जा, दुरुस्त करा, त्याच नावाने पुन्हा निर्यात करा. गोडो फाइल बदललेली ओळखून स्वतःच पुन्हा घेतं. ही ये-जा किती सहज होते, हा तुमच्या परीक्षेतला सगळ्यात मोठा गुण.

पारदर्शक स्प्राइटचं प्रकरण मात्र थोडं नाजूक आहे आणि इथेच पुष्कळ जण सॉफ्टवेअरला नावं ठेवतात. पात्र क्रितात स्वच्छ दिसतं, गेममध्ये त्याच्याभोवती बारीक पांढरी किनार येते. याची कारणं दोन. क्रिता नवी फाइल उघडताना खाली पांढरा बॅकग्राउंड लेयर देतं. त्यावरच रंगवून नंतर पांढरं पुसलं, तर कडेच्या अर्धपारदर्शक पिक्सेलमध्ये पांढरं मिसळून राहतं. म्हणून पात्र पहिल्यापासून वेगळ्या पारदर्शक लेयरवर काढा आणि खालचा पांढरा बदलून गडद जांभळा करा. किनार असेल तर तिथेच दिसेल. दुसरं कारण असं, की पूर्ण पारदर्शक पिक्सेललाही एक रंग असतो. आपल्याला तो दिसत नाही, पण इंजिन स्प्राइट लहान-मोठा करताना शेजारच्या पिक्सेलची सरासरी घेतं आणि तो लपलेला रंग कडेला झिरपतो. गोडोच्या इम्पोर्ट सेटिंगमधला 'फिक्स अल्फा बॉर्डर' हा पर्याय कडेचाच रंग त्या पारदर्शक भागात पसरवतो. तो चालू ठेवा. युनिटी या दुसऱ्या गेम इंजिनात याच कामाला 'अल्फा इज ट्रान्सपरन्सी' आहे. पारदर्शकतेखालचा रंग स्वतः ठरवायची गरज पडली, तर क्रिताच्या लेयर मेनूत 'स्प्लिट अल्फा' आहे. तो अल्फाला वेगळा मास्क करून देतो. तुम्हाला इतक्यात लागणार नाही, पण अल्फा चॅनलमध्ये चमक किंवा खडबडीतपणा साठवायची वेळ आली की आठवेल.

पात्राला छाया देताना फोटोशॉपहून आलेले लोक क्लिपिंग मास्क (खालच्या आकाराबाहेर रंग जाऊ न देणारी सोय) शोधतात. क्रितात त्याऐवजी 'इनहेरिट अल्फा' आहे आणि तो जरा वेगळा वागतो: लेयर आपल्या ग्रुपमधल्या खालच्या सगळ्या लेयरांचा एकत्रित आकार घेतो. ग्रुप न करता ते चिन्ह दाबलं, तर खाली पांढरा बॅकग्राउंड कॅनव्हासभर पसरलेला असतो आणि काहीच कापलं जात नाही. लोकांना वाटतं सोय बिघडलेली आहे. कंट्रोल-शिफ्ट-जी दाबा, ग्रुप आणि क्लिपिंग एकदम तयार होतं.

हातपाय वेगळे करून हाडांवर हलवायचे असतील, तर प्रत्येक अवयव स्वतंत्र लेयरवर काढा आणि सांध्यापाशी थोडा जास्तीचा भाग रंगवून ठेवा, म्हणजे कोपर वाकल्यावर पोकळी दिसणार नाही. लेयरची नावं इंग्रजी लहान अक्षरांत, मोकळी जागा न सोडता द्या. क्रितासोबत बॅच एक्स्पोर्टर नावाचं पायथन प्लगइन येतं, ते लेयरच्या नावांवरूनच फाइली बनवतं. एका क्लिकवर वीस-पंचवीस पीएनजी आपापल्या आकारात बाहेर पडतात. लहान अक्षरांचा आग्रह उगाच नाही. विंडोज लहान-मोठ्या अक्षरांत भेद करत नाही, अँड्रॉइड करतं. लॅपटॉपवर दिसणारी तलवार फोनवर गायब झाली, तर आधी फाइलचं नाव तपासा.

फ्रेमनिशी ॲनिमेशनही क्रितात आहे: टाइमलाइन, ओनियन स्किन (मागची-पुढची फ्रेम पुसट दिसायची सोय), सगळं. धावण्याचं चक्र, मशालीची ज्योत, तलवारीचा वार यासाठी पुरेसं. निर्यात करताना व्हिडिओ नको, चित्रांची मालिका काढा आणि गोडोच्या ॲनिमेटेड स्प्राइटला त्या फ्रेम द्या. लांबलचक कटसीन मात्र या लॅपटॉपवर करू नका.

जिथे क्रिता कमी पडतं तेही सांगतो. फार मोठ्या कॅनव्हासवर रुंद, ओल्या रंगाचे ब्रश रेंगाळतात. इन्स्टंट प्रिव्ह्यू चालू केला तर थोडा आराम मिळतो, पण मुळात 4096 च्या वर जाऊ नका. फोटोंचे तुकडे जोडून संकल्पनाचित्रं करायची तर फोटोशॉपची निवडीची साधनं अजूनही सरस आहेत. क्रिता फोटोशॉपच्या पीएसडी फाइली उघडतं आणि साठवतं, पण लेयर स्टाइल आणि मजकूर जसाच्या तसा येईल यावर विसंबू नका. पिक्सेल आर्ट क्रितात करता येते, पण पूर्ण गेमच पिक्सेलमध्ये असेल तर लिब्रेस्प्राइट किंवा पिक्सेलोरामा घ्या, दोन्ही मोफत. पिक्सेलोरामा तर गोडोमध्येच बनवलेलं आहे.

मजकुराबद्दल वेगळं लिहितो, कारण तुमचा गेम मराठीत आहे. संवाद, बटणं, सूचना चित्रात रंगवू नका. इंजिनात टाइप करा. गोडोच्या 3 मालिकेत देवनागरीची जोडाक्षरं फुटत आणि वेलांट्या भलत्या जागी पडत. 2023 मध्ये आलेल्या 4.0 पासून जटिल लिप्यांची मांडणी इंजिनातच झाली आणि मराठी नीट दिसू लागली. फॉन्टसाठी मुंबईच्या एक टाइप या गटाचे मुक्ता आणि बालू बघा. दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत, विकायच्या गेममध्ये चालतात. गेमचं नाव कलात्मक अक्षरांत हवं असेल तर इंकस्केप या रेषाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून त्याचे पाथ (हव्या तशा वळवता येणाऱ्या बाह्यरेषा) करा, शिरोरेषा हवी तशी वळवा आणि एसव्हीजी किंवा मोठ्या पीएनजीमध्ये काढून क्रितात त्यावर दगडाचा पोत चढवा.

परवान्याची शंका पुष्कळांना असते. क्रिता जीपीएल या खुल्या सॉफ्टवेअर परवान्याखाली आहे, पण तो परवाना प्रोग्रॅमला लागू होतो, तुमच्या चित्राला नाही. चित्र तुमचं, गेम विका, पैसे कमवा, कुणाला विचारायची गरज नाही. जपायचं ते बाहेरून आणलेल्या ब्रश आणि टेक्स्चरच्या बाबतीत. प्रत्येक पॅकचा परवाना वाचा आणि तो पॅक कुठून घेतला हे प्रकल्पातच एका फाइलीत नोंदवून ठेवा. गेम स्टोअरवर टाकताना ही नोंद शोधत बसण्याची वेळ येऊ नये.

नोकरीचं विचाराल, तर पुण्या-मुंबईतले मोठे स्टुडिओ अजून बहुतांशी फोटोशॉपवर चालतात आणि तिथे गेल्यावर ते शिकावं लागेल. पण लेयर, मास्क, ब्लेंडिंग, अल्फा या कल्पना सगळीकडे त्याच आहेत. हात बसलेला माणूस नव्या शॉर्टकटना लवकर सरावतो. मुलाखतीला आलेल्या पोर्टफोलिओत मी तरी सॉफ्टवेअरचं नाव शेवटी बघतो. नुसतं सुंदर चित्र पुष्कळांकडे असतं. तीच भिंत गेममध्ये चालू असल्याचा दहा सेकंदांचा व्हिडिओ, शेजारी टाइल, आणि ती किती पिक्सेलची व का, हे दोन ओळींत लिहिलेलं असलं, की मी त्या मुलाला किंवा मुलीला बोलावतोच.

शेवटची एक तांत्रिक गोष्ट. मूळ केआरए फाइली (क्रिताच्या स्वतःच्या, लेयरसकट साठवलेल्या) कधीही फेकू नका आणि नुसत्या पीएनजीवर पुढचं काम करू नका. प्रकल्पात मूळ चित्रांचं वेगळं फोल्डर करा आणि त्यात '.gdignore' या नावाची रिकामी फाइल ठेवा, म्हणजे गोडो त्या फोल्डरकडे बघणार नाही. भिंत इंजिनात उभी राहिली की कुठे अडलात ते पडद्याच्या चित्रासह लिहा. टाइल आणि गेममधलं दृश्य, दोन्ही हवीत. नुसत्या टाइलवरून मला काही सांगता येणार नाही.